भाषण नको, पगाराची सात तारीख पाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवण्याविषयीचा लेख वाचला. टेबल टेनिसचं टेबल, महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी, वाढदिवसाचा केक, शुक्रवारी रंगीत कपडे असे बरेच उपाय त्यात आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिंजवडीतल्या काचेच्या इमारती असाव्यात. माझी नोकरी चिंचवडला आणि भोसरीला झाली. आधी एका मोठ्या कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये आणि तिथून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपमध्ये. इथे हजेरीपासून जीएसटीच्या बिलापर्यंत सगळं एकाच टेबलावर होतं आणि ते टेबल माझं आहे. म्हणून लिहायचं धाडस करते.

टाइम ऑफिस म्हणजे काय, हे आजच्या एचआरवाल्या मुलामुलींना सांगावं लागतं. मस्टर, पंचिंग, लेट मार्क, गेटपास, ओटीच्या (जादा तासांच्या) स्लिपा, रजेची कार्डं, पगारातली कपात हे सगळं जिथे येऊन पडतं ती जागा. एमडी साहेबांचं भाषण वर्षातून एकदा ऐकायचं असतं, पण या खिडकीशी रोजचा संबंध. कंपनी आपल्याला काय समजते ते कामगाराला तिथे कळतं.

लेख वाचताना एक गोष्ट खटकली. कामगार मुळात थंड असतो आणि त्याला बाहेरून चावी द्यावी लागते, असं त्यात धरूनच चाललेलं आहे. आयटीआय करून आलेला पोरगा जॉइन होतो तो पहिला दिवस बघा. इस्त्रीचा शर्ट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेटं, शिफ्ट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी गेटवर हजर. त्याला कुणी मोटिव्हेट केलेलं नसतं. सहा महिन्यांनी तोच पोरगा शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी हात धुऊन पंचिंग मशिनपाशी उभा दिसतो. मधल्या सहा महिन्यांत त्याला काय काय दिसलं, याचा शोध घेतला तर केकवरचा खर्च वाचेल.

मोठ्या कंपनीतली एक गोष्ट सांगते. व्हीएमसी नावाच्या, संगणकावर चालणाऱ्या मशिनवर अ‍ॅल्युमिनियमचं एक हाउसिंग (बाहेरचं कवच) चालायचं. जॉब मशिनवर आवळताना (क्लॅम्प करताना) तो टेकतो त्या लोकेटिंग पॅडवर धातूचा एखादा बारीक कीस (चिप) राहिला की जॉब केसभर तिरका बसायचा आणि त्याचं भोक (बोअर) मापाबाहेर जायचं. रोज चार-दोन जॉब रिजेक्शनच्या लाल पेटीत. तिथल्या ऑपरेटरने स्क्रॅपमधली तांब्याची नळी उचलली, वाकवली, हवेच्या लाइनला जोडली आणि पॅडवर फुंकर बसेल अशी जॉब धरणाऱ्या फिक्श्चरला बांधली. क्लॅम्प करण्याआधी एक फुस्स, की पॅड साफ. रिजेक्शन जवळपास थांबलं. मग रीतसर कायझेन (सुधारणेची) शीट भरली गेली, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बोर्डावर लागले आणि प्लांट हेडच्या हस्ते घड्याळ दिलं गेलं, ते शिफ्ट इंजिनिअरला. कार्यक्रम सकाळी होता आणि नळीवाला सेकंड शिफ्टला होता. बक्षिसाची रक्कम पगारात लावायची स्लिप माझ्याकडे आली, तेव्हा नाव वाचून मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, “टीमचंच आहे ते.” पुढे त्याच मशिनचा मशिन गार ठेवणारा कुलंट पाइप गळायला लागला, तर हा माणूस खाली फडकं टाकून गप्प काम करत राहिला. सांगत का नाहीस म्हटल्यावर म्हणाला, “मॅडम, सांगितलं की शीट भरावी लागते.”

त्या घड्याळाची किंमत फार नसेल. पण त्या लाइनवर पुढे कुणी काही सुचवलं नाही आणि त्या वर्षीच्या अहवालात ‘कामगारांचा सहभाग कमी’ अशी नोंद झाली.

लेट मार्कचंही तसंच. नियम असा होता की तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. कागदावर शिस्त दिसते. प्रत्यक्षात तळेगावहून लोकलने येणारा माणूस, महिन्यात दोनदा उशीर झालेला, तिसऱ्यांदा सात वाजून चार मिनिटांनी गेटवर पोचायचा, घड्याळ बघायचा आणि उलट फिरायचा. अर्धा दिवस जाणारच आहे तर पूर्ण रजाच टाकू, असा त्याचा हिशेब. हिशेब चोख होता. कंपनीला चार मिनिटं वाचवायला गेल्यावर आठ तास गमवावे लागायचे आणि सुपरवायझर हेल्परला मशिनवर उभा करायचा. त्या दिवशीचं रिजेक्शन कुणाच्या नावावर गेलं, ते विचारू नका.

आणि गेट. सुटताना परमनंट माणूस नुसतं कार्ड दाखवून बाहेर पडायचा आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचे डबे उघडून बघायचे. डब्यात इन्सर्ट (मशिनची कापणारी छोटी पाती) लपवतात म्हणे. लपवलाही असेल कुणी कधी. पण रोज चारचौघांत डबा उघडून दाखवावा लागणाऱ्या माणसाला ‘ही कंपनी तुमची आहे’ असं सांगणारं पोस्टर त्याच गेटवर लावलेलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना वसवला, तेव्हा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्यावर नेमलं होतं. आपल्याकडे शाळेत ही गोष्ट ऐकलेले लोकच पुढे सिक्युरिटीची कंत्राटं देतात.

मोठ्या कंपन्यांतला खरा दुखरा भाग म्हणजे सात महिनेवाले. आमच्या पट्ट्यात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. सलग २४० दिवस भरले की माणूस कायम व्हायचा हक्क सांगू शकतो, म्हणून त्याआधीच त्याला ‘ब्रेक’ द्यायचा. माझ्याकडे तारखांची यादी असायची आणि कुणाचा ब्रेक कधी, ते संगणक लाल रंगात दाखवायचा. सहाव्या महिन्यात पोरं खिडकीशी येऊन विचारायची, “मॅडम, माझं काही होईल का?” काम चांगलं केलं काय, वाईट केलं काय, तारीख तीच. कामाचा आणि फळाचा संबंध कंपनीने स्वतःच्या हाताने तोडल्यावर वर्षाच्या शेवटी पंचतारांकित हॉटेलात ‘ओनरशिप’वर कार्यशाळा घेतली जायची. खंडेनवमीला मशिनला झेंडूची माळ घालायचा मान मात्र याच पोरांना, कारण मशिनवर तीच असायची. परमनंटवाल्यांची बायकामुलं पूजेला यायची. यांच्या घरच्यांचे गेटपास निघत नसत.

छोट्या कारखान्यात आल्यावर सगळं उलटं दिसलं. उलटं म्हणजे चांगलंच असं नव्हे. इथे मालक सगळ्यांना नावाने ओळखतो. एका ऑपरेटरच्या आईला रात्री वायसीएम हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तेव्हा मालकाने स्वतःची गाडी काढली, फॉर्म नाही, अर्ज नाही. मोठ्या कंपनीत मेडिक्लेमचं कार्ड निमूट चालायचं, पण आई कशी आहे हे विचारायला कुणी नसायचं. एवढं कबूल करून पुढचं लिहिते. ‘आपण सगळे एका घरचे’ हे वाक्य मालकाच्या तोंडी आलं की मी कॅल्क्युलेटर जवळ ओढते. महिन्याला अठरा हजार घेणाऱ्याचा तासाचा दर, २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर, साधारण साडेशहाऐंशी रुपये येतो. जादा तासाला दुप्पट द्यायचं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ठरलेलं आहे, म्हणजे १७३ रुपये. भोसरीत बहुतेक गाळ्यांत ‘सिंगल ओटी’ चालतो, म्हणजे साडेशहाऐंशीच. उरलेले साडेशहाऐंशी घरचे म्हणून सोडायचे. घरच्या माणसाकडून कुणी असा हिशेब घेतो का, हे मी मालकाला विचारलं आहे. तो हसला. पुढे दिवाळीनंतर आमच्याकडे डबल सुरू झालं, तेही माझ्या बोलण्याने नाही. मशिन लावून देणारे दोन चांगले सेटर चाकणला निघून गेले, म्हणून.

आता शौचालयाचं लिहिते. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला आमच्याकडे बायका आहेत. मी आले तेव्हा सगळ्यांसाठी मिळून एकच संडास होता, मागे स्क्रॅपच्या ढिगापलीकडे, आणि त्याची आतली कडी तुटलेली. बायका शिफ्टभर पाणीच पीत नव्हत्या. सकाळी घरून निघताना एक कप चहा, त्यानंतर थेट घरी गेल्यावर पाणी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी तीननंतर एकेकीचं डोकं धरायचं. भोकाचं माप तपासायचा प्लग गेज आत जातो की नाही, एवढंच बघायचं काम, पण तिथेही चुका व्हायच्या आणि पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीकडून, माल परत यायचा. ‘बायकांचं लक्ष नसतं’ असं शॉपमध्ये बोललं जायचं. त्याच सुमाराला मालकाकडे एका मोटिव्हेशनल ट्रेनरचं कोटेशन आलं होतं. दोन तासांचं सत्र, प्रमाणपत्रं आणि टोप्या त्यात धरून. मी प्लंबरकडून वेगळ्या शौचालयाचं कोटेशन मागवलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. मालक काही वाईट माणूस नाही. त्याने आजवर त्या बाजूला बघितलंच नव्हतं, कारण त्याच्या केबिनला वेगळं आहे. शौचालय झालं, आत आरसा आणि कचऱ्याचा डबा लागला, आणि त्या उन्हाळ्यात दुपारच्या हाफ-डेच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येणं जवळजवळ बंद झालं. माल परत येणं थांबलं असं म्हणणार नाही, कमी झालं.

रजेचा प्रश्न आम्ही एका कालनिर्णयावर सोडवला. आमच्याकडची निम्मी पोरं बीड, लातूर, धाराशिवची, बाकीची बिहार आणि ओडिशाची. कुणाला पेरणीला जायचं, कुणाला गावच्या जत्रेला, कुणाला वारीला, कुणाला छठला. मागितली की ‘आत्ता माल अडकलाय’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून कुणी मागायचंच नाही, सरळ दांडी मारायची आणि फोन बंद. मग दाराजवळ एक कालनिर्णय टांगलं आणि सांगितलं, ज्याला जेव्हा जायचंय त्याने त्या चौकोनात नाव लिहायचं, एका दिवशी तीनपेक्षा जास्त नावं नकोत, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. आषाढीच्या चौकोनात पाच नावं. मी मध्ये पडले नाही. दोघांनी माघार घेतली आणि बदल्यात गणपतीचे दिवस मिळवले. छठच्या चौकोनांत मराठी पोरं आपणहून नाव लिहीत नाहीत, हे मला कुणाला सांगावं लागलेलं नाही. दांड्या संपल्या का? नाही. पण सोमवारी सकाळी अचानक तीन मशिन बंद असणं हे पूर्वीइतकं राहिलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतलं बरं-वाईट काय, यावर युनियनवाले आणि मालक दोघंही भांडत आहेत आणि ते चालूच राहील. मला त्यातलं एक कलम फार उपयोगी वाटलं, ते म्हणजे प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. आम्ही सगळ्यांची पत्रं काढली. हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख, खाली शिक्का. डिबरिंगवरच्या (जॉबच्या कडा घासणाऱ्या) एका पोराने ते दुसऱ्या दिवशी लॅमिनेट करून आणलं आणि मला दाखवलं. झेरॉक्स गावी पाठवली होती, लग्नाचं बोलणं चालू होतं. इतकी वर्षं तो कुठे कामाला आहे हे त्याच्या घरच्यांकडे कागदावर नव्हतं.

एवढं सगळं करूनही छोटा कारखाना एका जागी हात टेकतो, आणि या पत्राचं खरं कारण ते आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. हा दंडक १९३६ पासूनचा, नव्या संहितेतही तोच. आता आमचा हिशेब बघा. मार्चमध्ये माल गेला. मोठ्या कंपनीच्या गेटवर उतरला, इन्स्पेक्शन होऊन जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघायला आठवडा. तिथून ९० दिवस. म्हणजे पैसे जून संपता संपता किंवा जुलैत. मधल्या काळात एप्रिल, मे आणि जूनची सात तारीख येऊन जाते. बिलावरचा १८ टक्के जीएसटी एप्रिलच्या वीस तारखेला आम्ही सरकारला भरलेला असतो, न मिळालेल्या पैशांवर. कच्च्या मालवाला रोख मागतो, वीजमंडळ थांबत नाही. थांबवता येतो तो फक्त पगार. “या वेळी पंधरापर्यंत सांभाळून घ्या,” असं मालक खाली मान घालून सांगतो आणि पोरं सांभाळून घेतात. खोलीचा मालक मात्र सांभाळून घेत नाही. मग पोरगं उचल मागायला माझ्याकडे येतं, त्या दिवशी त्याला जॉबच्या क्वालिटीबद्दल काय बोलायचं?

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टलसुद्धा आहे. पण ज्याचा साठ-सत्तर टक्के माल एकाच कंपनीला जातो, तो त्या कंपनीविरुद्ध तक्रार टाकून दुसऱ्या दिवशी त्याच खरेदी विभागाच्या दारात कसा उभा राहील? त्याच विभागाच्या स्वागतकक्षात ‘आमचे पुरवठादार, आमचे भागीदार’ असं पितळी अक्षरांत लावलेलं आम्ही पाहतो. अक्षरं छान आहेत, रोज पुसतात.

मोठ्या कंपनीचा एचआर विभाग आपल्या परमनंट माणसांचं समाधान दर वर्षी मोजून घेतो. कोष्टकं, आलेख, सगळं. पण तिच्या गाडीतला निम्म्याहून अधिक माल ज्या हातांनी बनतो ते हात तिच्या मस्टरवर नाहीत. ते आमच्यासारख्यांच्या मस्टरवर आहेत आणि त्यांचा पगार कोणत्या तारखेला होणार, हे तिच्या अकाउंट्समध्ये ठरतं. भोसरीच्या गाळ्यातलं वातावरण बिघडलं तर ते नेहमी गाळ्याच्या मालकामुळेच असं समजू नये. कधी कधी ते दहा किलोमीटरवरच्या वातानुकूलित मजल्यावरून येतं.

राहिला कामाच्या तासांचा विषय. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरला, एल अँड टीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये तो ९० वर नेला आणि रविवारही हवा म्हणाले. आमच्याकडे यावर चर्चा झाली नाही. बारा तासांची ड्युटी इथे कधीपासून चालू आहे, त्यासाठी भाषण लागलं नाही. राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाला नऊऐवजी बारा तासांपर्यंत काम घ्यायची मुभा देण्याचं ठरवलं. ठीक आहे. तासांचा आग्रह धरणाऱ्यांनी ओटीच्या दराचाही तेवढाच मोठ्याने आग्रह धरलेला अजून माझ्या वाचनात आलेला नाही.

आपल्यासारखी वृत्तपत्रं आणि उद्योजकांच्या संघटना उत्तम कार्यसंस्कृतीचे पुरस्कार देतात. त्याबद्दल एक विनंती आहे. यापुढे पुरस्कारासाठी अर्ज मागवताना कंपनीकडून फोटोंचा अल्बम घेऊ नका. लहान कारखाना असेल तर गेल्या बारा महिन्यांत पगार कोणत्या तारखांना खात्यात गेले त्याचा बँकेचा उतारा आणि ओटीचं रजिस्टर मागा. मोठी कंपनी असेल तर तेच मागा, शिवाय लहान पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांत चुकती केली, तो एक आकडा मागा. परीक्षकांना जागेवर नेणार असाल तर रिसेप्शनमध्ये बसवून चहा पाजू नका. सेकंड शिफ्टला, न सांगता, टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं करा. आमच्या मालकाने अर्ज केला तर यंदा तो बसणार नाही, दोन महिन्यांच्या तारखा चुकल्या आहेत. का चुकल्या ते वर लिहिलंच आहे.

आपली,
टाइम ऑफिसमधली एक वाचक,
चिंचवड

ता. क. : जागेअभावी पत्र कापावं लागलं तर किर्लोस्करांचा मजकूर खुशाल काढा. शौचालयाचा परिच्छेद आणि ९० दिवसांचा हिशेब तेवढा राहू द्या.